‘वेचणी’चा शेवटचा अंक

१ नोव्हेंबर, शनिवार

डिसेंबरचा अंक शेवटचा. बाबांनी जेवताना सांगितलं, नळ आला म्हणून सांगावं तसं. आई "बरं" म्हणाली आणि वरण वाढलं. ‘वेचणी’ मासिकाची पानं मीच लावते, त्यामुळे अंदाज होता. छापखानेवाला हल्ली फोन उचलतानाच सुस्कारा टाकतो.

शेवटच्या अंकात सोळा पानं मासिकाच्या इतिहासाची. मी लिहायची. बाबांच्या डोळ्यांना आता मधलं दिसत नाही, फक्त कडेचं दिसतं. समोरच्याला बघायचं तर मान दुसरीकडे वळवतात. नवीन माणसाला वाटतं रागावलेत.

"तूच लिही, प्राजू. तू मोजून लिहितं."

मी म्हटलं, रविवारीच जमेल. कापसाचा सीझन आहे, नोकरीत जिनिंगचे वजनकाटे एकामागून एक तपासायला लागलेत.

"रविवारीच लिही. घाई कोनाले आहे."

घाई आहे. २५ला फाइल द्यायची.

२ नोव्हें., रवि.

मसुदा:

‘वेचणी’ मासिक बोरी अरबला सुरू झालं. दोन तरुण शिक्षक आणि पायाने चालवायचं छपाईचं एक ट्रेडल मशीन. नागपूरहून रद्दीतून आणलेली मराठी, हिंदी, इंग्रजी मासिकं. त्यातलं चांगलं ते वेचायचं, आखूड करायचं, साभार छापायचं. आरोग्य, प्रवास, शिकारीच्या हकिकती, थोरांची चरित्रं, घरगुती उपाय, विनोद. आपल्याकडे कापूस वेचतात तसं, म्हणून हे नाव. वाचक: सलूनमध्ये नंबर लावून बसलेले, दवाखान्यात बसलेले, एस.टी.ची वाट बघणारे, जिनिंगचे चौकीदार. थोडक्यात, ताटकळणारी माणसं. मोबाइल आल्यावर लोकांचं ताटकळणं संपलं.

बाबांना वाचून दाखवलं. "चांगलं आहे. अर्धं कर."

जन्मापासून हे वाक्य ऐकते आहे. शाळेतल्या निबंधाला, आत्याला लिहिलेल्या पत्राला, एकदा तर कॉलेजच्या प्रोजेक्ट रिपोर्टला.

दोन तरुण शिक्षकांतल्या दुसऱ्याचं नाव विचारलं.

"लिही, संपादक आणि त्यांचे एक सहकारी."

पहिल्या चार वर्षांच्या अंकांत आतल्या पानावर संपादक म्हणून दोन नावं आहेत. बाबांचं, आणि नामदेव मनवर. पाचव्या वर्षापासून एकच. मी आणखी विचारलं नाही.

५ नोव्हें., बुध.

राजूर. कोळशाच्या ट्रकांचा काटा. एकच वजन चारही कोपऱ्यांवर ठेवून पाहिलं. तीन कोपरे ठीक, चौथा कमी दाखवतो. त्या कोपऱ्याखालच्या, वजन झेलणाऱ्या लोड सेलमध्ये पाणी गेलंय. ऑपरेटर म्हणे, "मॅडम, मधात ठेवून पाहा ना. मधात बराबर दाखवते."

मधे सगळेच काटे बरोबर दाखवतात.

घरी आले तर नाकात काळं, केसात काळं. बाबा दारातच.

"किती पानं झाली?"

"दोन."

"नाम्याले विचाराले पाहिजे होतं. त्याले पयला अंक तोंडपाठ आहे." आणि रेडिओ लावला. हे नाव माझ्यासमोर पहिल्यांदा घेतलं.

८ नोव्हें., शनि.

नोव्हेंबरच्या अंकाची टपालाची रॅपरं चिकटवताना आईला विचारलं. मनवर सर बाबांच्या गावचे, बाबांच्याच वर्गातले. पुढे आर्णीला शाळेवर होते, तिथेच रिटायर झाले. मुलाचं टू-व्हीलरच्या पार्टचं दुकान आहे.

"भांडले का दोघं?"

"भांडले असते तं बरं झालं असतं. एक दिवस आले नाही. दुसऱ्या दिवशी आले नाही. मंग आलेच नाही."

"काहून?" मीही कधी कधी आईसारखं बोलते.

"त्याईचा एक लेख होता. तुह्या बापानं कापला."

"सगळेच लेख कापायचे ना?"

"तेच तं."

खळ संपली म्हणून उठली. पुन्हा विषय काढला नाही.

९ नोव्हें., रवि.

आर्णी. घरी ‘काम आहे’ एवढंच सांगितलं.

खाली दुकान, वर घर. म. सर बारीक, इस्त्रीचा शर्ट, ऊन असून स्वेटर. मी नाव सांगायच्या आधीच, "दिगूची ना? नाक त्याचंच आहे." मग सुनेला हाक मारून, "चहा ठेव व. संपादकाची पोट्टी आली."

सांगितलं: डिसेंबरचा अंक शेवटचा, त्यात इतिहास देतोय, तुमच्या आठवणी हव्यात, संस्थापक म्हणून नाव हवं.

ते खिडकीतून रस्त्याकडे बघत राहिले.

"बंद होऊन राह्यलं म्हनतं? मले वाटे मी आधी जाईन."

‘वेचणी’ अजून घेतात म्हणाले. सुनेच्या नावाने. आर्णीचं ते नाव दर महिन्याला मीच छापते रॅपरवर.

मग लेखाचं. ‘वेचणी’त स्वतःचं काही छापायचं नाही असा दोघांचा नियम होता. बाबाच म्हणाले होते, एक तुझा छापू. म. सरांनी वडिलांवर लिहिलं. वडिलांकडे गावात दवंडी देण्याचं काम होतं, पिढीजात. छप्पन सालानंतर त्यांनी ते सोडलं. मेलेलं ढोर ओढणं सोडलं, दवंडी सोडली. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी मुलगा मॅट्रिक पास झाला, वस्तीतला पहिला. त्या दिवशी वडिलांनी घरातला पत्र्याचा डबा घेतला आणि जिथे जिथे पूर्वी दवंडीला उभे राहत, त्या सातही ठिकाणी जाऊन पुकारलं, माहा पोट्टा मॅट्रिक पास झाला हो.

"सात ठिकानं, बेटा. कुठी कोन काय म्हनलं, सारं लिहिलं होतं. मी बापाच्या मांगं मांगं होतो. लाजेनं अर्धा मेलो होतो, पन कान उघडे होते. अन् छापून आलं तवा एक वाक्य. ‘वडिलांनी गावभर दवंडी दिली.’ खाली जागा उरली तं एक विनोद टाकला."

"कोणता विनोद?"

माझ्याकडे बघितलं. "नवरा-बायकोचा. तोही पाठ आहे मले."

अट: नाव टाकायचं तर लेख पूर्ण छापा. एक शब्द कमी नाही. नाहीतर नाव नको.

मूळ प्रत विचारली.

"छापखान्यात दिलती. खिळे जुळवून झाले का त्या कागदावर आम्ही चिवडा खात होतो. साऱ्याच लेखाईचं तसं होय."

"मग पुन्हा लिहाल?"

हात पुढे धरून दाखवला. थरथरतो.

११ नोव्हें., मंगळ.

बाबांना सांगितलं, आर्णीला गेल्याचंही. मान खिडकीकडे वळवून ऐकलं, म्हणजे माझ्याकडे बघत होते.

"सात ठिकानं होती?"

"आठवत नाही तुम्हाला?"

"नियम होता. पयले विशेषणं काढाची, मंग उदाहरणं, मंग सुरुवात. यादी दिसली का तिचा एक शब्द कराचा. अन् नियम कोनी बनवला? नाम्यानंच. माह्यापेक्षा तोच कडक होता. एका शास्त्रज्ञाचं बालपन त्यानं दोन ओळीत संपवलं होतं."

"त्यांच्या लेखाला तरी सूट—"

"त्यानं मागितली नाही."

मग, "सातवं ठिकान कोनतं, सांगितलं का त्यानं?"

"नाही. विचारू?"

"विचार." मी दारापर्यंत गेले तेव्हा, "नको विचारू."

१४ नोव्हें., शुक्र.

तो अंक सापडला. कातर साफ चालली आहे, जोड कुठे दिसत नाही. ज्याला माहीत नाही त्याला काहीच कमी वाटणार नाही. लेख आवडावा असाच आहे. ‘वडिलांनी गावभर दवंडी दिली. त्या दिवशी मला शिक्षणाचे मोल कळले.’ दुसरं वाक्य म. सरांचं वाटत नाही.

विनोदाची चौकट पट्टीने मोजली. त्या जागेत दोन ठिकाणं सहज बसली असती. कदाचित तीन.

बाबांना हे सांगितलं नाही.

१५ नोव्हें., शनि.

आई अंबाडीची भाजी निवडत होती. बाबा फिरायला गेलेले.

"गावात दवंडी शेवटी कुठे द्यायचे?"

"आपल्या गावच्या घरापुढं. पुढं शिवारच आहे ना. तिथून मानूस परत फिरे." एक काडी मोडून बाजूला टाकली. "तुह्या बापाले इचार, त्या साली मॅट्रिकले तो काय झाला."

"काय झाले?"

"नापास. दोघं एकाच बाकावर बसत. हा दुसऱ्या साली निघाला. मले लग्नाच्या वक्ती कोनी सांगितलं नाही. नंतर नणंदेनं सांगितलं, तेही माह्याशी भांडताना." हसली. मग हसणं थांबवून, "तू बोलू नको त्याईले. आता डोळेही गेले."

डोळे आणि मॅट्रिक यांचा संबंध मला कळला नाही. किंवा कळला.

१६ नोव्हें., रवि.

आर्णी. म. सर बोलायला तयार झाले. लिहिणार नाहीत, बोलतील, मी रेकॉर्ड करायचं.

"पन कापाचं नाही."

"नाही."

"तुह्यावर भरोसा कायले ठेवू? तू त्याचीच पोट्टी."

मी म्हटलं, माझं कामच कमी दाखवणारे काटे पकडायचं आहे.

"मोठी बोलते," सुनेला म्हणाले. पण बोलायला लागले. एकदा सुरू झाल्यावर माझ्याकडे पाहिलंच नाही.

पाराशी एक म्हातारा होता, म्हणाला, "आता कलेक्टरच कर त्याले," आणि बाकीचे हसले. विहिरीवर बायका होत्या. कुणी काही म्हणालं नाही, पण एकीने भरलेली घागर डोक्यावरून खाली ठेवली आणि दवंडी संपेपर्यंत उभी राहिली. तिचं नाव त्यांना कळलं नाही कधी. पिठाच्या गिरणीवाल्याने पट्टा थांबवला. "आवाजात काई समजलं नाही, पुन्हा सांग." पुन्हा ऐकलं आणि पट्टा चालू केला. चावडीपुढे कुत्रं मागे लागलं, वडील त्याला हाड म्हणत म्हणत पुकारत होते. हे सांगताना म. सर इतके हसले की खोकला लागला. दुकानदाराने ओंजळभर फुटाणे दिले, वरून टाकले, हाताला हात लागू न देता. वडिलांनी ते दुकानाच्या पायरीवर ठेवले आणि पुढे गेले.

देवळापाशी कुणीच नव्हतं. "तरी दिली. म्हने, ठिकान आहे तं देवाची."

सातवं आमचं घर. माझे आजोबा, आबाजी, ओसरीवर बसले होते. पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बरं झालं. गोठ्यात बैल मरून पडला आहे सकाळपासून. तेवढा उचलून ने."

पंधरा वर्षं झाली होती ते काम सोडून. आबाजींना माहीत होतं.

"बापानं डबा पुन्हा वाजवला. अन् सारी दवंडी पयल्यापासून पुन्हा दिली, नावागावासकट. मंग घरी आलो."

मी पाणी प्यायले. फोन टेबलावर चालू होता.

"अन् दिगू दारात होता," ते म्हणाले. "आतून चौकट धरून. त्याचा निकाल त्याले कळला होता. माह्या बापाले माहीत नव्हतं का हा नापास झाला म्हनून. माहीत असतं तं त्या दारात गेलाच नसता. तसा मानूस नव्हता तो. दुसऱ्यांदा दिली ना, तवा मी बापाकडं नाही पाह्यलं. मी दिगूकडं पाहत होतो."

"लेखात हे होतं? बाबा दारात होते ते?"

"नाही." थंड चहाचा कप बाजूला सरकवला. "तेवढं मीच कापलं होतं."

मी फोनकडे हात नेला.

"राहू दे चालू," म्हणाले. "बोललो ते बोललो."

१७ नोव्हें., सोम.

दारव्हा रोडवरचं जिनिंग. कापसाच्या गाड्यांची रांग, काट्यावर चढायला जागा नाही. काहीच लिहावंसं वाटत नाही.

१९ नोव्हें., बुध.

जेवणाच्या सुट्टीत आणि संध्याकाळी रेकॉर्डिंग उतरवतेय. ‘म्हनलं’चं ‘म्हणाले’ करत नाही. प्रश्न: सून मधेच म्हणते, "बाबा, चहा थंडा झाला." हे वाक्य त्यांचं नाही. कापायचं नाही हे वचन कुणाच्या शब्दांबद्दल? ठेवलं. खोकला गाळला.

एक शब्द मात्र ऐकू येत नाही, गिरणीच्या इथे. खाली दुकानात कुणी गाडी रेस केली. फोन करून विचारलं. म. सर म्हणाले, "पट्टा."

मग म्हणाले, "त्याले वाचून दाखवलं का?"

"अजून नाही."

"बरं."

२० नोव्हें., गुरु.

पानं लावली. म. सरांचं घातल्यावर इतिहासाला जागा उरत नाही. माझा मजकूर अर्धा केला. मग अर्ध्याचा अर्धा. रद्दी गेली, सलूनवाले गेले, ताटकळणारी माणसं गेली. दोष कुणाला देणार. आता उरलं आहे ते ठीक आहे, काट्याच्या मधोमध ठेवलेल्या वजनासारखं.

छापखान्यातून फोन. मंगळवारी फाइल हवीच.

२२ नोव्हें., शनि.

सकाळी बाबांना वाचून दाखवलं. आई स्वयंपाकघरात होती, भांडी वाजत होती, मग वाजायची थांबली.

पार, विहीर, गिरणी. गिरणीला बाबा हसले, "तो बहिराच होता." चावडी. फुटाणे, देऊळ. आमच्या घराशी आले तेव्हा मी वेग कमी केला नाही, वाढवलाही नाही.

बैलाचं वाक्य झालं.

"असंच म्हनला होता आबा," बाबा म्हणाले. "शब्द न् शब्द."

म्हणजे आठवत होतं.

मी पुढे वाचलं. दारात होता, आतून चौकट धरून. निकाल. तेवढं मीच कापलं होतं. इथे थांबले, कारण संपलंच होतं.

बाबांची मान माझ्याकडे होती. म्हणजे मी दिसत नव्हते.

"हे त्यानं आधी लिहिलं नव्हतं?"

"नाही."

"मले वाटलं होतं लिहिलं असन. मी सातव्या ठिकानापर्यंत वाचलंच नाही तवा. सहाव्यावर आलो अन् साऱ्याचं एक वाक्य केलं."

आई दारात येऊन उभी होती. बाबांना दिसली असावी, कारण ती कडेला होती.

"नापास झालो ते त्यात आहे ना?"

"आहे."

"कुठी? बोट ठेव माहं."

त्यांचं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं. कागद वाळलेला, शाई कोरडी, तरी त्यांनी बोट हलकं ठेवलं होतं, पुसलं जाईल असं.

"किती पानं झाली हे?"

"मोजली नाहीत."

"तू मोजली नाही?"

"नाही."

पानांच्या कडा जुळवल्या आणि म्हणाले, "लाल पेन दे."

बाबा मजकूर कापायचे ते, टेबलाच्या खणात आहे, दोन वर्षं कुणी उघडलेलं नाही. मी उठले नाही. आईने जाऊन आणलं आणि त्यांच्या हातात दिलं. त्यांनी टोपण काढलं, पुन्हा लावलं. मग पेन शर्टाच्या खिशाला अडकवलं.

"उद्या आर्णीले नेतं का मले?"

२३ नोव्हें., रवि.

आर्णीच्या गाडीला वेळ आहे. बाबा केव्हाचे तयार होऊन ओसरीत बसलेत. इस्त्रीचा शर्ट. आईने न सांगता डब्यात चिवडा भरून दिला आहे. म. सरांना फोन केला, येतोय म्हणून. "कोन कोन?" "मी आणि बाबा." तिकडे फोन हातातून हातात गेला. मग सुनेचा आवाज, "या म्हनते."

पानं बाबांच्या मांडीवर आहेत. ते बोट त्याच ओळीवर आहे का बघितलं. नाही, पानं उलटी ठेवलीत.

पेन खिशाला आहे. कशासाठी, ते मी विचारलं नाही. फाइल परवा द्यायची आहे. ‘संपादक’ शब्दाच्या खाली दोन नावांची जागा सोडली आहे, दोन्ही अजून भरलेली नाहीत.